एकशे दोन वर्षांची वेनेरा

मंगळवार आणि शुक्रवार सोडले तर मी बऱ्यापैकी खरं बोलणारी बाई आहे. त्या दोन दिवशी सकाळी समोरच्या किनाऱ्यावरच्या त्रापानी शहराहून बोट येते, तीस-चाळीस पाहुणे धक्क्यावर उतरवते आणि चार वाजता परत घेऊन जाते. मधले साडेपाच तास त्यांना फेराला बेट दाखवायचं काम माझं. बेट दीड तासात संपतं. उरलेले चार तास मी बोलून भरते.

आधी मिठाची जुनी गोदामं. मग होडीतून निळी गुहा. तिथे सगळे 'आहाहा' म्हणतात, कारण त्यासाठीच इतक्या लांबून आलेले असतात, न म्हणून करतात काय! मग एकशे चाळीस पायऱ्या चढून वरची आळी, आणि आळीच्या टोकाला माझ्या वेनेरा आत्याचं दार.

गुहा हे निमित्त. गुहा शेजारच्या बेटांनाही आहेत आणि आमच्याहून मोठ्या आहेत. लोक येतात ते आत्याला बघायला. धक्क्यावर पाय ठेवला की पहिला फलक तिचाच: काळा रुमाल, सुरकुत्या, हातात वाइनचा पेला आणि खाली मोठ्या अक्षरांत 'एकशे दोन वर्षांची वेनेरा'. केपरच्या खारवलेल्या कळ्यांच्या पाकिटावर तीच, रोक्कोच्या खाणावळीतल्या कागदी रुमालांवर तीच. लोक तिच्या तोंडानं तोंड पुसतात. आत्याला वाइन सोसत नाही. फोटोतल्या पेल्यात डाळिंबाचा रस होता, आणि तोही फोटो काढून झाल्यावर रोक्को प्यायला.

पाहुणे अंगणातल्या कठड्यावर बसतात, आत्या दारातल्या खुर्चीत. ते इंग्रजीत विचारतात, ती आमच्या बेटाच्या बोलीत उत्तर देते, आणि मधे मी. प्रश्न नेहमी एकच असतो: इतकं जगण्याचं रहस्य काय? आत्या म्हणते, "त्या लाल नाकाच्या बाईला म्हणावं टोपी घाल, नाहीतर इथेच आडवी होशील आणि आम्हाला निस्तरावं लागेल." मी सांगते, "आत्या म्हणतात, सूर्यासारखा वैद्य नाही." आत्या म्हणते, "गुडघे मेले रात्रभर झोपू देत नाहीत." मी सांगते, "आत्या म्हणतात, रोज चाला आणि कोणावर रागावू नका." लोक वहीत लिहून घेतात. सात वर्षं हे असंच चाललं होतं आणि मला त्यात काही पाप वाटत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं थोडं धुऊनपुसूनच पुढे ठेवावं लागतं.

या जानेवारीत आत्याला छातीत कफ झाला. वारा सुटलेला, अकरा दिवस बोट नाही, म्हणजे डॉक्टर नाही. मी तिच्या उशाशी बसून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ती अगदी शुद्धीत म्हणाली, "सावेरिया, माझ्या थडग्यावर एकशे दोन लिहू नका. मी त्र्याण्णव वर्षांची आहे."

मला वाटलं ताप डोक्यात गेला. मी म्हटलं, "बरं बाई, त्र्याण्णव. सूप पी."

"सूप घाल चुलीत. देवळात जा आणि वही बघ."

तिची समजूत काढायला म्हणून गेले. आमच्या छोट्या चर्चमध्ये दफनाची वही आहे, तिला वाळवीपेक्षा ओलीनं जास्त खाल्लंय. नोव्हेंबर एकोणीसशे चोवीस: वेनेरा, साल्वातोरेची मुलगी, वय सात, घटसर्प. दोन वर्षांनंतर बाप्तिस्म्याच्या वहीत: वेनेरा, साल्वातोरेची मुलगी. साल्वातोरे म्हणजे माझे आजोबा.

मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला द्यायची आमच्याकडे पद्धत. नाव वाया घालवत नाहीत. पण सरकारी नोंद त्रापानीला जाऊन करावी लागे, आणि आजोबा ना पहिलीचा मृत्यू नोंदवायला गेले, ना दुसरीचा जन्म. त्यांचा हिशेब सरळ: नाव तेच, बाप तोच, आई तीच, मग पुन्हा त्याच कामासाठी बोटीत उलट्या कशाला काढायच्या? आणि हे एकटे आजोबाच नव्हेत. पेप्पे लामियाच्या घरी पोलीस लष्कराचं बोलावणं घेऊन आले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि भिंतीवरच्या सरड्यांना दगड मारत होता. पोलिसांनी कागद वाचला, पेप्पेकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. ही गोष्ट सांगून बेट अजून हसतं. मुलीच्या बाबतीत पोलीस येत नाहीत. मागणी येते.

एकोणचाळीस साली गाएतानोची मागणी आली. तो छत्तीस वर्षांचा, पहिली बायको गेलेली, टुना मासे पकडणाऱ्या होड्यांमध्ये त्याचा वाटा होता. आजोबांना त्याच्या होडीवर जागा हवी होती. कागदावर आत्या बावीस वर्षांची होती. खरी तेरा.

मी वही मिटून परत आले आणि खाटेच्या कडेला बसले. आत्याच म्हणाली, "पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग मला एकदा हे सांगू दे."

"सांगितलंस की मला."

"तू घरातली. घरातल्या सगळ्यांना तेव्हाही ठाऊक होतं. मला परक्याला सांगायचंय. ज्याचं आपल्याकडे काही अडलेलं नाही अशा माणसाला. सात वर्षं तू तसली माणसं माझ्या दारात आणून बसवतेस. एक दिवस मी बोलेन ते जसंच्या तसं सांग त्यांना. मला न्याय नको, कुणाला तुरुंगात घालायचं नाही, सगळे मरून गेले. कुणीतरी ऐकून नुसतं 'अरेरे' म्हणावं, बस."

मी म्हटलं, बघू. आपण 'बघू' म्हणतो तेव्हा काय बघायचं नसतं ते आपल्यालाच ठाऊक असतं. आत्या बरी झाली, बोटी सुरू झाल्या. ईस्टर गेला, मे गेला, उन्हाळा गेला. ती दर वेळी माझ्याकडे बघायची आणि मी दर वेळी सूर्यासारखा वैद्य नाही म्हणायची. आम्हा सगळ्यांच्या चुली त्या एकशे दोनवर पेटत होत्या. त्र्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्या काय, प्रत्येकाच्या घरी असतात.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी मी तिची वेणी घालायला गेले, तर ती खाटेवरून हलेना.

"आज सांगणार असशील तरच बसते खुर्चीत. नाहीतर त्यांना म्हणावं वेनेरा मेली. एकदा मेलीच आहे, आणखी एकदा."

"आत्या, असं काय लहान मुलासारखं?"

"लहान मुलासारखं वागायचं राहूनच गेलं माझं," ती म्हणाली.

ते मला लागलं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "आज सांगेन. तू बोलशील तेच, शब्दाला शब्द. शपथ." मी ते मनापासून म्हटलं, एवढं माझं ऐकून घ्या. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि स्वतः होऊन चांगला काळा झगा मागितला.

धक्क्यावर रोक्को उभा होता. रोक्को माझा मामेभाऊ. बोट त्याची, खाणावळ त्याची, नगरपालिकेतली खुर्चीही त्याचीच. जिथे बसतो ती जागा त्याची होते असा माणूस.

"सावे, आज जिभेवर साखर ठेवून बोल," तो म्हणाला.

"का, आज पोप येतोय?"

"पोपापेक्षा बरे. ती उंच बाई आणि तो टोपीवाला बघ. लंडनची मोठी कंपनी आहे. त्यांना आपलं बेट पसंत पडलं तर हिवाळ्यातही माणसं पाठवतील. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. माणसं आली की रोजची मोठी बोट, वाऱ्यातही चालणारी. सरकारशी बोलणं झालंय माझं." मग आवाज उतरवून म्हणाला, "कार्मेलोच्या वेळी ती बोट असती तर?"

कार्मेलो माझा नवरा. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्याचं आंत्रपुच्छ फुटलं. वारा थांबायला सहा दिवस लागले आणि तो चौथ्या दिवशी गेला. रोक्को हलकट आहे, पण त्या दिवशी तो खोटं बोलत नव्हता.

मी गोदामं दाखवली, गुहा दाखवली. त्या दिवशी काय बोलले मला आठवत नाही. पायऱ्या चढताना उंच बाई तीनदा थांबली. टोपीवाला वहीत काहीतरी लिहीत होता. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते: ती खोटी वेनेरा आहे. नाही, ती खरी वेनेरा आहे, पहिली मेली. तिचं लग्न झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. सोपी वाक्यं होती. सात वर्षांत यापेक्षा अवघड मी शंभरदा बोलले होते.

आत्या खुर्चीत ताठ बसली होती. मांडीवर हात, केस नीट चापून बसवलेले. पाहुणे कठड्यावर टेकले, पाणी प्यायले. उंच बाईनं विचारलं, रहस्य काय? मी तो प्रश्न आत्याला सांगितलाच नाही. मी म्हटलं, "बोल आत्या."

आत्या बोलली. इतकं सलग मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"मी वेनेरा. माझ्या आधी एक वेनेरा होती, ती सात वर्षांची मेली. तिचं नाव मला दिलं आणि तिची वर्षंही मला दिली. ती नऊ वर्षं मी जगलेच नाही. माझं लग्न केलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आईचा झगा मागून टाचण्यांनी आवळला होता. आईचे बूट होते, त्यांत लोकर कोंबली होती, तरी पाय निघत होते. पाद्रीनं कागद बघितला, मला बघितलं, आणि त्याला वाटलं बेटावरची माणसं खुजीच असतात. गाएतानो काही राक्षस नव्हता. पण तो छत्तीस वर्षांचा होता आणि मी तेराची. पहिलं मूल झालं तेव्हा मी चौदाची होते. ते मेलं. मला काय झालं ते मलाच कळलं नाही, सुईण म्हणाली रडू नकोस, तू काय लहान आहेस? सगळ्यांना ठाऊक होतं. ह्या आळीतल्या प्रत्येक दाराला ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. मी ऐंशी वर्षं कुणाला सांगितलं नाही. आता तुम्हाला सांगतेय."

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायलाही तिनं हात उचलला नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. उंच बाईनं पेन वहीवर टेकवलं होतं.

मी तोंड उघडलं. सत्य अगदी जिभेच्या टोकाशी होतं. आणि मला वारा ऐकू आला, खरा नव्हे, फेब्रुवारीतला, आणि कार्मेलो पलीकडच्या खोलीतून विचारत होता, दिसली का गं बोट?

"वेनेरा आत्या म्हणतात," मी इंग्रजीत म्हणाले, "बाविसाव्या वर्षी त्यांनी प्रेमानं लग्न केलं. नवऱ्याची आठवण आली की अजून डोळ्यांत पाणी येतं. त्या म्हणतात, दीर्घायुष्याचं रहस्य एकच. एका माणसावर जन्मभर प्रेम करणं."

एका म्हाताऱ्या गृहस्थानं बायकोचा हात धरला. मागच्या दोघी-तिघी डोळे पुसायला लागल्या. आणि मग टोपीवाल्यानं टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांनी वाजवल्या, उभं राहून. फोटो निघाले. उंच बाईनं पुढे होऊन आत्याच्या गालाचा मुका घेतला.

आत्या त्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडे बघत होती. एकेका हाताकडे. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पाहुण्यांना म्हटलं, चला, जेवायला उशीर होतोय.

खाणावळीत टुना होता, केपर घातलेला, आणि आत्याच्या तोंडाचे रुमाल. जेवणं झाल्यावर रोक्कोनं टोपीवाल्याला गाठलं. मी भाषांतराला होतेच. टोपीवाला म्हणाला, जागा फार सुंदर आहे, म्हातारीनं तर मन जिंकलं. पण पायऱ्या फार. आमचे ग्राहक साठीच्या पुढचे असतात. शिवाय सार्डिनियात आमच्याकडे एक बाई आहेत, त्या एकशे सहा वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या दारापर्यंत बस जाते.

हे मात्र मी रोक्कोला शब्दाला शब्द सांगितलं.

"एकशे सहा?" रोक्को म्हणाला. "मग आपली आपण एकशे आठ करायला हवी होती." आणि हसला. मग त्याचं हसू आपोआप थांबलं आणि तो बिल करायला आत गेला.

चार वाजता बोट सुटली. मी हात हलवला, कारण ते माझं काम आहे. मग धक्क्यावरच्या दगडावर बराच वेळ बसून राहिले. घरी जावं की वर जावं? घरी कोणी नव्हतं. पोरं तोरिनोला, नवरा टेकडीमागे. शेवटी वर गेले. पायऱ्या चढताना ठरवलं की पाय धरायचे, सगळं कबूल करायचं, हिवाळ्याच्या बोटीचं सांगायचं, कार्मेलोचं सांगायचं. आत्या समजून घेईल. कार्मेलोचे डोळे तिनंच मिटले होते.

ती अजून खुर्चीतच होती. ऊन अंगणातून निघून गेलं होतं. शेजारीण अंगावर शाल टाकून गेलेली दिसत होती.

मी समोर उभी राहिले. तिनं विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

आणि इतकं ठरवून आलेली मी म्हणाले, "तू सांगितलंस तेच."

"मग त्यांनी टाळ्या का वाजवल्या?"

माझी मान खाली गेली. आत्या रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, काठी फेकून मारली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. ती समुद्राकडेही बघत नव्हती, माझ्याकडेही नव्हती.

"त्या दिवशीचा पाद्री त्रापानीचा होता," ती म्हणाली. "त्याला आपली बोली येत नव्हती आणि मला त्याची भाषा. तुझे आजोबा लष्करात जाऊन आलेले, त्यांना दोन्ही यायच्या. ते आमच्या मधे उभे राहिले. पाद्रीनं मला काहीतरी विचारलं. आजोबा म्हणाले, 'तो विचारतोय, तुझ्या मनात आहे ना?' मी म्हटलं, 'बाबा, मला घरी जायचंय.' स्पष्ट म्हटलं, पहिल्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. आजोबांनी मान हलवली आणि त्याला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"मला कसं कळणार? पाद्री हसला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

खाली कुणीतरी खाणावळीच्या खुर्च्या एकात एक घालत होतं, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. मी आत्याच्या पायाशी बसले. तिनं पाय बाजूला घेतले नाहीत. तेवढंही केलं नाही तिनं.

खुर्च्यांचा आवाज थांबला तेव्हा ती म्हणाली, "शुक्रवारी किती जणं आहेत?"

"अडतीस."

"बरं," आत्या म्हणाली, आणि उठायला आधार म्हणून तिनं माझ्याकडे हात केला.